पुणं चालवणाऱ्या बायका: वर्गणी, वसतिगृह, वॉर्ड आणि वर्गीकरण

नारायणपेठी

दर ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीच यादी फिरते. पहिली शिक्षिका, पहिली डॉक्टर, पहिली पदवीधर, पहिली स्कूटरवाली. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. यादीत खोटं काही नसतं, पण ती वाचून शहर कसं बदललं ते काही कळत नाही. एका बाईने एक गोष्ट पहिल्यांदा केली, एवढ्याने पुणं हललं असतं तर काय हवं होतं! दुसऱ्या दिवशी शाळा कोणी उघडली, वर्गणी कोणी गोळा केली, मुलगी चार दिवस आली नाही तर तिच्या आईला भेटायला कोण गेलं, हे त्या यादीत नसतं. त्या कामाबद्दल बोलायला हा धागा काढते आहे. पुण्यापुरतंच ठेवूया, नाहीतर धागा सातासमुद्रापार जाईल.

सुरुवात सावित्रीबाईंपासूनच करावी लागते, त्याला इलाज नाही. पण आपली गोष्ट १८४८, भिडेवाडा, अंगावर पडलेलं शेण आणि बरोबर नेलेलं दुसरं लुगडं इथवर येते आणि थांबते. त्यानंतर सावित्रीबाई ४९ वर्षं काम करत होत्या! १८५१ च्या जुलैत बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा, सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. नऊ महिन्यांच्या आत तीन शाळा. आज सगळे कागद हातात असताना एक पाळणाघर काढायला किती हेलपाटे घालावे लागतात ते मला विचारा.

पुढे १८६३ मध्ये स्वतःच्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर ठेवून जावं. या बायकांची बाळंतपणं कोणी केली असतील? तिथेच जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं, डॉक्टर केला. १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं (पुढे धरायचं मडकं) सावित्रीबाईंनी धरलं आणि १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. १८९७ च्या प्लेगात यशवंताला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडायला लावला. मुंढव्याहून पांडुरंग गायकवाड नावाच्या आजारी पोराला पाठीवर घालून तिथे आणलं. १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. वय ६६. त्या वयातल्या बाईने पोर पाठीवर घेऊन तुडवलेला तो रस्ता आज गाडीने पार करतानाही जीव मेटाकुटीला येतो.

दुसरं नाव रमाबाई रानडे. न्यायमूर्तींची बायको ही ओळख इतकी घट्ट बसली आहे की १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेल्यानंतरची तेवीस वर्षं कोणाला दिसतच नाहीत. पुण्याचं सेवासदन १९०९ चं. शिवणकाम, प्रौढ बायकांचे लिहिण्यावाचण्याचे वर्ग, शिक्षिका तयार करणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे परिचारिका तयार करणं. त्या काळी पेठांतल्या घरातली विधवा ससूनमध्ये जाऊन परक्या पुरुषाचं अंग पुसणार, मलमूत्राचं भांडं उचलणार, आणि रात्रपाळी करून परत वसतिगृहात येणार! मला तर हे शाळा काढण्यापेक्षाही धाडसाचं वाटतं. शाळेला निदान सरस्वतीचा आधार होता.

तुमच्याकडची नावं, संस्था, घरातल्या आठवणी येऊ द्या. फक्त फॉरवर्ड नकोत.

कोथरूडकर

उत्तम विषय. वाचनखूण साठवली आहे.

हिंगण्याबद्दल, म्हणजे कर्व्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमाबद्दल लिहितो. धोंडो केशव कर्वे म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते माळरान, झोपडी, आणि फर्ग्युसनमध्ये शिकवून पायी हिंगण्याला जाणारे अण्णा. बरोबरच आहे. पण संस्था चालायला पैसा लागतो आणि तो पैसा दारोदार जाऊन आणणाऱ्यांत एक मोठं नाव पार्वतीबाई आठवले यांचं होतं. जन्म १८७० चा, कोकणातल्या देवरुखच्या. लहान वयात वैधव्य, पदरात मुलगा. थोरली बहीण गोदूबाई म्हणजे पुढच्या बाया कर्वे, अण्णांच्या पत्नी. पार्वतीबाई आश्रमात आल्या, शिकल्या, तिथली घरव्यवस्था सांभाळली, आणि मग वर्गणीसाठी गावोगाव फिरायला लागल्या.

सुरुवातीची बरीच वर्षं हे फिरणं केशवपन केलेल्या अवस्थेत आणि लाल आलवणात होतं. भरसभेत उभं राहून विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागायचे, आणि समोरच्यांनी वक्तीचं डोकं बघायचं. पुढे स्वतःच्या निर्णयाने केस ठेवले, तेव्हा टीका झाली ती वेगळीच. १९१८ मध्ये तर इंग्रजीचा गंध नसताना अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले, भाषा शिकल्या, संस्थेसाठी पैसे जमवले आणि १९२० मध्ये परत आल्या. बाई तेव्हा पन्नाशीला आली होती. आजचे आमचे सीईओ एवढं करून आले तर दहा पॉडकास्ट होतील.

आजीची_नात

धागा वाचून राहवलं नाही म्हणून बऱ्याच काळाने लॉगिन केलं.

माझी आजी सेवासदनात राहून नर्सिंग शिकली. रमाबाईंच्या खूप नंतरची, पण शिस्त तीच म्हणायची. तिच्या पांढऱ्या साड्या शेवटपर्यंत नीळ घालून धुतलेल्या असायच्या, आणि पलंगाची चादर ती अशी ताणून खोचायची की त्यावर नाणं टाकलं तर उडेल. आम्ही नातवंडांनी कधी चादर घातली की येऊन कोपरा उलगडायची, पाकिटासारखी घडी घालून पुन्हा खोचायची. काही बोलायची नाही.

तिच्या लग्नाच्या वेळी तीन ठिकाणी "मुलगी नर्स आहे" म्हणून नकार आला. चौथ्या ठिकाणी, म्हणजे आमच्या आजोबांकडे, सासूबाईंनी विचारलं होतं, "रात्री घरी असशील का?" आजी म्हणाली, "एक महिना दिवसपाळी, एक महिना रात्रपाळी." सासूबाईंनी चालेल म्हणून सांगितलं कारण घरात खाणारी तोंडं नऊ होती. तत्त्वाबित्त्वाचा काही संबंध नव्हता. पुढे वाड्यातल्या सगळ्या बाळंतपणांना, तापांना, इंजेक्शनांना आजीच. ज्या काकूंनी नाकं मुरडली होती त्यासुद्धा रात्री बाराला दार वाजवायच्या.

सनावळी

नारायणपेठीताई, रमाबाई रानड्यांचं आणखी एक काम राहिलं. ते मला सेवासदनाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे ही बाई थेट नगरपालिकेला भिडली.

थोडं मागून सांगतो. मुलींचं हायस्कूल, आपली हुजूरपागा, सप्टेंबर १८८४ मध्ये सुरू झालं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक वगैरे मंडळी पुढे होती. शाळा व्हावी म्हणून गव्हर्नरसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं ते रमाबाईंनी. वय विशीच्या आसपास. घरी परतल्यावर वडीलधाऱ्या बायकांनी जे टोमणे मारले ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत सविस्तर लिहून ठेवले आहेत. आरडाओरडा नाही, राग नाही, नुसतं कोण काय म्हणालं ते. वाचताना आपल्यालाच ओशाळायला होतं.

शाळेवर टीका तुटून पडली. तिचा एक मुद्दा गमतीचा आहे: शाळेची वेळ. अकरा ते पाच मुलगी घराबाहेर राहिली तर घरकाम कधी शिकणार? म्हणजे शिकू द्या, पण तीनेक तास, आणि इंग्रजी कशाला?

आता १९१८ ला या. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात प्रश्न आला की सक्ती कोणाला? पैसे कमी आहेत, आधी मुलांना करू, मुलींचं मागाहून बघू, असा एक मोठा गट. मुलगे आणि मुली दोघांनाही एकाच वेळी, असा दुसरा. १९२० च्या सुमाराला हा वाद सभांमध्ये हमरीतुमरीवर आला होता. तेव्हा रमाबाईंच्या पुढाकाराने पुण्याच्या बायका मोर्चाने रस्त्यावर आल्या. साठीला टेकलेली, विधवा, न्यायमूर्तींच्या घराण्यातली बाई मुलींच्या शाळेसाठी मोर्चाच्या पुढे! बायकांना तेव्हा विधिमंडळाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्कही मिळालेला नव्हता.

केसरीप्रेमी

लेख चांगला चालला होता, आता येणार टिळकांना झोडपणं. नाव घेतलं नाहीत तरी रोख कळतो. नगरपालिकेकडे पैसे नव्हते ही वस्तुस्थिती होती. मर्यादित पैशात आधी मुलांची सोय करा म्हणणं म्हणजे स्त्रीद्वेष नव्हे. आजच्या चष्म्यातून शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांकडे पाहू नये.

सनावळी

@केसरीप्रेमी, चष्मा आजचा नाहीच. "पैसे नसतील तर मुलींना का वगळता?" हा प्रश्न त्याच काळात, त्याच शहरात, त्याच पेठांमधल्या बायका विचारत होत्या. रमाबाई काय २०२० मधल्या होत्या का? टिळकांचं मोठेपण कोणी काढून घेत नाही. पण या प्रश्नावर पुण्यात दोन बाजू होत्या आणि ते 'आधी मुलांना' म्हणणाऱ्या बाजूला होते, एवढं लिहायला हरकत नसावी.

पैशाचं म्हणाल तर, पैसे नाहीत हे कारण मुलींच्या रांगेपाशी आल्यावरच कसं आठवतं, असं आमची आई म्हणायची. तिच्या घरी सायकल एकच होती.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. दोन्ही बाजूंनी येऊ द्या.

गुलटेकडी

माझं नाव बघून कळलं असेल कुठला आहे. मार्केट यार्डात आमचा गाळा आहे.

धाग्यात एक गोष्ट खटकते ती बोलतो. पार्वतीबाई, रमाबाई, बाया कर्वे ही सगळी थोर माणसं, वादच नाही. पण या सुधारणेला जातीचं कुंपण होतं आणि ते कुंपण त्या काळातल्या लोकांनीच दाखवून दिलेलं आहे.

फुल्यांच्या शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. १८५५ मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाबद्दल. त्यात ती लिहिते की पेशवाईत मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. त्याच गुलटेकडीवर आज कांद्याची पोती उतरतात. मी रोज तिथे उभा असतो. कधीतरी हमालाने पोतं टाकलं की ते वाक्य आठवतं. त्याच निबंधात आमच्या बायका उघड्यावर बाळंत होतात, त्यांना काय वेदना होत असतील याचा विचार करा, असं ती ब्राह्मण पंडितांना सुनावते. चौदा वर्षांची पोर! या शहरात बाईने केलेलं पहिलं सार्वजनिक भाषण कोणतं म्हणून कोणी विचारलं तर मी हा निबंध पुढे करीन, भले तो भाषण नसेना का.

दुसरी जनाक्का शिंदे. महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांची बहीण. सासरच्या जाचातून भावाने सोडवून पुण्याला आणली. शिंदे तिला कर्व्यांच्या आश्रमात घालायला गेले तर तिथे नकार मिळाला, कारण आश्रम ब्राह्मण विधवांसाठी होता. मग ती हुजूरपागेत शिकली. आणि पुढे काय केलं? भावाच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या कामात अस्पृश्य मुलामुलींसाठी राबली. जिला एका दारातून परत पाठवलं तिने दुसऱ्यांसाठी दारं उघडायला आयुष्य घातलं. त्या मंडळीच्या नाना पेठेतल्या अहिल्याश्रमाजवळून रोज हजारो माणसं जातात, तिचं नाव कितीजणांना माहीत आहे?

कोथरूडकर

@गुलटेकडी, जनाक्कांचा प्रसंग खरा आहे आणि तो हिंगण्याच्या गोष्टीत सांगितलाच पाहिजे. आश्रम ब्राह्मणांच्या वर्गणीवर चालत होता, आणि वर्गणीदार बिथरले तर चूल बंद, हे कर्व्यांचं गणित होतं. पटो न पटो. १८९३ मध्ये शारदा सदनाचं काय झालं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या पत्नी मूळच्या त्या सदनाच्याच विद्यार्थिनी.

चष्मिष

शारदा सदन म्हणजे पंडिता रमाबाईंचं ना? ते मुंबईत होतं असं वाचलंय.

नारायणपेठी

@चष्मिष, मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. त्याआधी १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला होता, आणि सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात म्हणून बजावलं होतं. नंतर इंग्लंड, तिथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, मग अमेरिका, परत येऊन सदन. पुण्यात आरडाओरड झाली की इथे मुलींना बाटवतात. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

आता यात माझं मत असं की पंडिताबाईंना पुण्याने दोनदा गमावलं. एकदा तेव्हा, आणि एकदा नंतर, आठवणीतून. दुष्काळात मध्य भारतातून शेकडो मुली आणल्या त्या केडगावला. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत. हे पुण्यात घडू शकलं असतं. धर्मांतराचा प्रश्न लोकांना खरोखरच टोचत होता हे मला मान्य आहे, आणि पंडिताबाईही काही कमी हट्टी नव्हत्या. पण संस्कृत पंडिता म्हणून जिला डोक्यावर घेतलं तिच्या मुक्ती मिशनमध्ये आजही किती पुणेकर पाऊल ठेवतात? दौंडची गाडी केडगावला थांबते हो.

गुलटेकडी, मुक्ता आणि जनाक्कांबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. सावित्रीबाईंबरोबर शाळेत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांचंही नाव घ्यायला हवं. जोतीरावांना १८५६ मध्ये लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई माहेरी आजारी असताना "फातिमेला त्रास पडत असेल" अशा अर्थाचं लिहितात. एक बाई आजारी पडली तर शाळेचा भार दुसरीवर पडतो, हे त्या एका ओळीत आलं. बाकी भाषणं राहू द्या.

कॅम्पातली

सगळे लकडी पुलाच्या अलीकडे-पलीकडेच फिरताय. जरा कॅम्पात या.

फ्रान्सिना सोराबजी यांनी १८७६ मध्ये पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती मुलं एकत्र. त्यांच्या लेकी एकापेक्षा एक. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजमधली पहिली विद्यार्थिनी आणि पुढे वकील, ते सगळ्यांना माहीत असतं कारण त्यात 'पहिली' आहे (धागालेखिकेच्या मुद्द्याला दुजोरा). पण बहीण सुझी सोराबजी यांनी पुण्यातच राहून सेंट हेलेनाज शाळा उभी केली आणि आयुष्यभर ती चालवली. कॉर्नेलियावर पुस्तकं निघाली, सुझीबाईंच्या शाळेतून पुण्याच्या मुलींच्या पिढ्या बाहेर पडल्या. कोणी शहर जास्त घडवलं म्हणायचं?

डॉ_रास्ता_पेठ

रास्ता पेठेचा उल्लेख झालाच आहे तर डॉ. बानू कोयाजी राहून चालणार नाही. १९४४ मध्ये केईएम रुग्णालयात आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं, मुख्यतः बाळंतपणाचं रुग्णालय होतं. बाईंच्या कारकिर्दीत ते साडेपाचशे खाटांचं झालं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वढू. सत्तरच्या दशकात केईएमने वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या मुलींना आणि बायकांना शिकवून घरोघर पाठवायचं: कोणाला दिवस गेलेत, कोणत्या मुलाचं वजन वाढत नाही, विहिरीत औषध टाकलं का. आज 'आशा' ताई जे काम करतात त्याचा हा आधीचा अवतार. १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अवांतर: ज्येष्ठांकडून ऐकलेलं असं की बाईंचा राऊंड सुरू झाला की वॉर्डात टाचणी पडलेली ऐकू यायची.

रिकामटेकडा

शीर्षकातल्या 'वर्गीकरणा'पर्यंत अजून कोणी पोचलं नाही. आणि नगरसेविका? २०१२ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आमच्या वॉर्डात फ्लेक्सवर ताईंचा फोटो, त्यामागे दुप्पट आकाराचा साहेबांचा फोटो, आणि फोन लावला की उचलतात साहेब.

नारायणपेठी

@रिकामटेकडा, सगळ्या तशा नाहीत. आमच्याकडच्या ताई ड्रेनेजच्या झाकणापाशी स्वतः उभ्या राहून काम करून घ्यायच्या, साहेब चहा आणायचे. वर्गीकरणाबद्दल जाणकार लिहितील म्हणून मुद्दाम थांबले आहे.

हडपसरची_हौसा

जाणकार वगैरे नाही, पण कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेबरोबर काही वर्षं काम केलं आहे, तेवढ्यावर लिहिते.

कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. पुढे ठाकरसींची देणगी मिळाली, एसएनडीटी नाव लागलं, मुख्यालय मुंबईला गेलं, पुण्याचा परिसर कर्वे रस्त्यावर राहिला. नव्वदच्या आसपास तिथल्या निरंतर शिक्षण विभागातल्या शिक्षिका, लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने, साक्षरतेच्या कामासाठी कचरा वेचणाऱ्या बायकांकडे गेल्या. बायकांचं म्हणणं, अक्षर नंतर शिकू, आधी हा कचरा उकिरड्यावर ओला-सुका एक होऊन येतो त्याचं बघा. दिवसभर उकरून हाताला पोतंभर येत नाही. सुका वेगळा मिळाला तर कमाई वाढेल, हात कापणार नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या परिसरात आणि आसपासच्या घरांत वेगळा कचरा द्यायला लोकांना तयार केलं. पुण्यात ओला-सुका वेगळा करायची चळवळ पर्यावरणाच्या भाषणातून आलेली नाही, ती या बायकांच्या पोटातून आली.

१९९३ मध्ये ही संघटना झाली, हमाल-कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांचं पाठबळ होतं. सभासदांत बहुसंख्य बायका, त्यातही दलित समाजातल्या, कितीतरी बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून आलेल्या घरांतल्या. पहिलं काय हवं होतं? ओळखपत्र. कारण पहाटे पोतं घेऊन निघालेली बाई दिसली की चोरीचा संशय पहिला तिच्यावर. छातीवर फोटोचं कार्ड लागल्यावर बाई पोलिसाला म्हणू लागली, "हे बघा, महानगरपालिकेचं आहे." त्या कार्डाला प्लास्टिकचं वेष्टन, त्याला सुतळी, आणि कार्ड ब्लाउजच्या आत ठेवायचं की बाहेर यावर दीड तास झालेली बैठक मी पाहिली आहे. शेवटी बाहेर ठरलं.

२००७ मध्ये 'स्वच्छ' ही सहकारी संस्था नोंदली गेली, २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या सभासद स्वतःच मालक आहेत. ठेकेदार नाही. घरटी महिन्याची रक्कम थेट त्यांच्या हातात. आपल्या रोजच्या जगण्याला इतकी भिडलेली बायकांची दुसरी संस्था पुण्यात मला तरी माहीत नाही. गुलटेकडी यांनी कुंपणाचं लिहिलं ते खरंच आहे, पण ब्राह्मण विधवांसाठी सुरू झालेल्या कामातून निघालेल्या विद्यापीठाच्या एका खोलीत शंभर वर्षांनी मातंग-महार बायकांची युनियन उभी राहिली, हेही त्याच शहरात घडलं.

गुलटेकडी

हे ठाऊक होतं, पण हिंगण्याशी धागा असा जोडला नव्हता. आमच्या यार्डात हमालांचं काम बाबांमुळेच उभं राहिलं, आणि तिथल्या बायकांनी 'कष्टाची भाकर' ही स्वस्त जेवणाची केंद्रं चालवली. त्यावर वेगळं लिहीन.

चष्मिष

हौसाताई, पण आमच्या इथे गाडीवाल्या ताई आठवड्यातून एखादा दिवस येतच नाहीत, आणि पैसे मात्र पूर्ण. याचं काय? ठेकेदार परवडला असं लोक म्हणतात.

हडपसरची_हौसा

@चष्मिष, तक्रार रास्त असेल तर महापालिकेच्या आरोग्य कोठीवर सांगा, त्यांच्या समन्वयकाचा नंबर तिथे मिळतो. पण एक बघा. ताईंना हक्काची रविवारची सुट्टी आहे का? आजारी पडल्या तर बदली कोण? बहुतेक ठिकाणी सून किंवा जाऊ येते, आणि लोक म्हणतात "नेहमीच्या नाहीत, पैसे पुढच्या महिन्यात". आमच्याच सोसायटीत तीन घरांची चार महिन्यांची बाकी होती आणि तीच घरं ठेकेदार आणा म्हणत होती.

दुसरं, सॅनिटरी नॅपकिन. २०१७ मध्ये या बायकांनी लाल ठिपक्याची मोहीम काढली. नॅपकिन किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणारीला उघडून बघावं लागत नाही. ठिपका काढायला लाल पेन पुरतं. लिपस्टिकही चालते. आमच्या जिन्यात अजून दोनच घरं हे करतात. तुमच्याकडे किती करतात ते आधी बघा, मग खाड्यांचा हिशोब मांडू.